मीटर म्हणतो ९००, बोर्ड म्हणतो ९२९ : रीड स्विचवाल्यांनो, जरा डोकं लावा

माळावरचा
रविवार, सकाळी ७:४०

रामराम मंडळी. आजवर नुसता वाचत आलोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, माळावर. विहीर खाली ओढ्याकडेला. विहिरीत ओपनवेल सबमर्सिबल, तिथून ७५ मि.मी.ची पीव्हीसी लाइन ४०० मीटर चढून बागेत येते, पुढे ड्रिप. बागेला रोज नेमकं किती पाणी जातंय ते मोबाइलवर दिसावं म्हणून विहिरीजवळ दोन इंची मीटर बसवला. पल्सवाला आहे. आत लाल काट्यावर छोटं चुंबक आणि वर काचेच्या बाजूला रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की आपोआप जोडला जाणारा स्विच. काट्याची एक फेरी म्हणजे १०० लिटर, म्हणजेच एक पल्स. पंपाच्या खोलीत ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्रॅम घालता येणारा चिमुकला संगणक) बसवलाय, तो पल्स मोजून आकडा पाठवतो.

दुखणं असं: मोटर पाच तास चालली की मीटरच्या डायलवर ९० घनमीटर वाढतात. म्हणजे बोर्डावर ९०० यायला पाहिजेत, येतात ९२९. एका रात्री दोनदा लाइट गेली, त्या दिवशी ८७ जास्त आले. कमी कधीच येत नाहीत, दर वेळी जास्तच. वडील म्हणतात डायल बघ आणि वहीत लिही, कशाला पायजे ते डबडं. घरात इज्जतीचा प्रश्न झालाय.

बिनतारी
रविवार, सकाळी ८:०५

स्वागत. हा बाउन्स आहे, डोळे झाकून सांगतो. रीडच्या काचेच्या नळीत लोखंड-निकेलच्या दोन पट्ट्या असतात. चुंबक जवळ आलं की त्या एकमेकींना चिकटतात, पण चिकटताना टाळी वाजल्यासारख्या दोन-चारदा उडतात. हे सगळं एखाद्या मिलिसेकंदात उरकतं. आपल्याला ते कळत नाही, पण बोर्डाला प्रत्येक उडी म्हणजे नवी पल्स. प्रोग्रॅममध्ये डिबाउन्स टाका, म्हणजे एक पल्स मोजली की ठरावीक वेळ पुढचं काही मोजायचं नाही, काम खलास.

माळावरचा
रविवार, सकाळी ८:३०

टाकलाय दादा, ५० मिलिसेकंदांचा. पुल-अपही (रीड उघडा असताना पिनवर व्होल्टेज धरून ठेवणारा रेझिस्टर) बाहेरून लावलाय, १० किलोओहमचा.

दोनचाकी
रविवार, सकाळी ९:१२

माझा सायकलचा अनुभव सांगतो, कदाचित तुमचंही तेच असेल. सायकलच्या स्पीडोमीटरमध्येही हाच प्रकार असतो. आरीवर चुंबक, फोर्कवर रीड स्विच, आणि चाकाचा परीघ आपण भरायचा (७०० बाय २५ च्या टायरला २१०५ मि.मी.). दोन पल्समध्ये किती वेळ गेला त्यावरून वेग निघतो. जुनं चुंबक कुठेतरी पडलं म्हणून मी एक दणकट निओडिमियम आणून लावलं. दुसऱ्या दिवशी कात्रजचा घाट चढताना स्पीडोमीटर ३० दाखवतोय! मला वाटलं आपण फॉर्मात आलो. मग शेजारून एक आजोबा साध्या सायकलवरून पुढे निघून गेले.

कारण असं की चुंबकाचं क्षेत्र गोल चेंडूसारखं नसतं. चुंबक रीडला आडवं धरून लांबीच्या दिशेने नेलं, तर बरोबर मध्यावर रीड उघडा पडतो आणि अलीकडे-पलीकडे एकेकदा बंद होतो (बंद म्हणजे पट्ट्या चिकटून वीज वाहते). एका फेरीत दोन पल्स. समांतर धरून अगदी जवळून नेलं तर मधला एक मोठा टप्पा आणि दोन्ही टोकांना एकेक छोटा, असे तीनही मिळतात. चुंबक दोन-चार मि.मी. लांब सरकवलं आणि सगळं ताळ्यावर आलं.

माळावरचा
रविवार, सकाळी ९:४०

भारी किस्सा :) पण मग माझे ९०० चे १८०० झाले असते ना? इथे २९ च जास्त आहेत.

दोनचाकी
रविवार, सकाळी ९:४४

हे बरोबर. घाट आम्हीच चढायचा, तर्क तुम्ही करायचा.

निळी छत्री
रविवार, सकाळी १०:२०

बिनतारींच्या बाजूने एक मत. आमच्या गच्चीवर वारा मोजायच्या तीन वाट्या आहेत. त्या किटात सेकंदाला एक पल्स म्हणजे ताशी २.४ किमी वारा. दोन पल्समधल्या वेळावरून झोताचा वेग काढायचा प्रोग्रॅम मी लिहिला आणि पहिल्याच संध्याकाळी साताऱ्यात ताशी २४०० किमी वाऱ्याची नोंद झाली. घर जागेवर होतं. बाउन्सच्या दोन उड्या एक मिलिसेकंदाच्या अंतराने आल्या होत्या, एवढंच.

तेव्हापासून मी उलटा हिशोब करते. आपल्याकडे जास्तीत जास्त किती वारा येईल? २४० धरू. म्हणजे सेकंदाला १०० पल्स, दोन पल्समध्ये १० मिलिसेकंद. त्याहून लवकर जे येईल ते खोटं. हा आकडा अंदाजाने टाकू नका, आपल्या यंत्राच्या कमाल वेगावरून काढा. तुमच्याकडे तासाला १८ घनमीटर म्हणजे मिनिटाला ३०० लिटर, म्हणजे २० सेकंदांना एक पल्स. मग ५० मिलिसेकंदांवर का थांबलात? चांगले १५ सेकंद ठेवा.

बिनतारी
रविवार, सकाळी १०:३१

+१. १५ सेकंद. मिटलं.

सर्किट काका
रविवार, दुपारी १:१५

मिटलं वगैरे इतक्यात म्हणू नका.

माळावरचा, १५ सेकंद जरूर ठेवून बघ, नुकसान काही नाही. पण त्याआधी एक तपासणी कर. मीटरपासून बोर्डापर्यंत वायर किती लांब आहे, आणि ती मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपातून आणली आहेस का?

माळावरचा
रविवार, दुपारी १:३०

१२ मीटर असेल काका. आणि हो, एकाच पाइपातून. वेगळी चर कोण खोदणार :(

सर्किट काका
रविवार, दुपारी २:०२

वाटलंच. आता असं कर. मीटरच्या टोकाला रीडची एक वायर सोडव आणि टेप लावून मोकळी ठेव. बाकी काही हलवू नकोस. मोटर चालू-बंद कर, दहा वेळा. रीड जोडलेलाच नाही म्हटल्यावर बोर्डावर शून्य यायला हवं. शून्याच्या वर जे येईल ते वायरीने हवेतून पकडलेलं.

आमच्या कारखान्यात नवीन पोरं आधी प्रोग्रॅम बदलायची आणि मग वायर बघायची. वायर बघायला उठावं लागतं ना.

माळावरचा
रविवार, संध्याकाळी ६:५०

केलं काका. दहा वेळा मोटर चालू-बंद केली, बोर्डावर ३१ आले! स्टार्टर खट्ट वाजला की दोन-तीन पल्स. रीड जोडलेला नसताना!! म्हणजे सापडला का चोर?

सर्किट काका
रविवार, संध्याकाळी ७:२०

एक सापडला. एका चालू-बंदला तीन पल्स. पण तुला २९ चा हिशोब द्यायचाय, अजून २६ बाकी आहेत.

आधी हा बंद कर. वायर वेगळ्या पाइपातून घे, जमली तर शील्डवाली (वर धातूचं आवरण असलेली), आणि शील्ड बोर्डाच्या बाजूला एकाच टोकाला जमिनीशी जोड. बोर्डाच्या पिनवर एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाक. तुझ्या १० किलोओहमबरोबर त्याचा १० मिलिसेकंदांचा फिल्टर होतो, स्टार्टरचा ठोका त्यात विरून जातो. आणि रीडच्या वाटेत शंभर ओहमचा रेझिस्टर विसरू नकोस. नाहीतर रीड बंद झाला की भरलेला कपॅसिटर त्याच्यातून एका झटक्यात रिकामा होतो आणि पट्ट्यांची टोकं हळूहळू जळून चिकटतात. चिकटलेला रीड टिचकी मारली की सुटतो, म्हणून लोक टिचक्या मारत वर्षं काढतात.

चिकित्सक
रविवार, रात्री ९:०५

इतका खटाटोप २०व्या शतकातल्या काचेच्या नळीसाठी? हॉल सेन्सर घ्या, चुंबक ओळखणारी चिप. हलणारा भाग नाही, बाउन्स नाही. वायएफ-एस२०१ हा तसला पाणी मोजायचा सेन्सर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, लिटरला ४५० पल्स देतो.

सर्किट काका
रविवार, रात्री ९:३०

तो अर्ध्या इंचाचा आहे आणि मिनिटाला ३० लिटरपर्यंतचा. याच्या लाइनमधून ३०० जातात. घरच्या फिल्टरला लावा, छान चालतो.

हॉलला माझा विरोध नाही. सेकंदाला हजारो पल्स मोजायच्या असतील तर रीडच्या पट्ट्यांना तेवढं उडणं झेपणार नाही, तिथे हॉलच हवा. पण साध्या हॉलला तिसरी वायर लागते आणि तो चोवीस तास काही मिलिअँप पीत बसतो. रीडला काही लागत नाही. दोन वायरी, वीज शून्य, काच बंद असल्यामुळे ओल नाही, धूळ नाही. बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूडने १९३६ साली हा काढला आणि पुढे टेलिफोन एक्स्चेंज याच्यावर चालली. नव्वद वर्षं व्हायला आली, अजून बाजारात आहे. म्हाताऱ्याला उगाच हिणवू नका.

ऱ्हाइनकाठची
रविवार, रात्री ११:४८

काकांना दुजोरा, जर्मनीहून. इथे घराघरात बीके-जी४ नावाचा गॅस मीटर असतो. त्याच्या शेवटच्या आकड्याच्या चाकात चुंबक असतं आणि बाहेर एक खाच दिलेली असते. त्या खाचेत रीड चिकटवला की ०.०१ घनमीटरला एक पल्स. मीटरला हात न लावता काम होतं. मी चिकटपट्टीने लावलाय, तीन हिवाळे काढले त्याने.

एकदा फसले मात्र. माझं यंत्र नाण्याएवढ्या बॅटरीवर आहे. एकदा बॅटरी महिन्याच्या आत संपली, पुढची मात्र कितीतरी जास्त टिकली. काही कळेना. मग लक्षात आलं, उन्हाळ्यात हीटर बंद असतो आणि चाक नेमकं चुंबक रीडसमोर आणून थांबलं, की रीड दिवसेंदिवस बंदच राहतो. ३.३ व्होल्ट, १० किलोओहम, म्हणजे तिसरा हिस्सा मिलिअँप सतत वाहतोय. २२० मिलिअँप-तासांची बॅटरी त्यात २८ दिवस पुरते. पुल-अप एक मेगाओहमचा केला, प्रश्न सुटला. (१२ मीटर वायरीला हे करू नका हं, एवढ्या मोठ्या रेझिस्टरवर ती अँटेनाच होईल. माझी वायर वीतभर आहे.)

आमच्याकडे खाच शोधायला मीटरवर मोबाइलचा कंपास धरतात. सुई हलली की चुंबक तिथे.

दोनचाकी
सोमवार, सकाळी ६:५५

कंपासची युक्ती झकास. वाचनखूण साठवली.

रीड किती टिकतो असं कुणी विचारायच्या आत: माझ्या सायकलचे १०,००० किमी झाले, म्हणजे २.१ मीटरला एक या हिशोबाने ४७ लाखांच्या वर टाळ्या. अजून तोच आहे. भार अगदी किरकोळ असेल तर कोट्यवधी वेळा चालतो म्हणतात. मोडला तो एकदाच, तोही माझ्या हाताने. तार काचेच्या मुळाशी वाकवायला गेलो आणि नळी कचकन तडकली. काच आणि वाकण यांच्यामध्ये तार पक्कडीने धरायची आणि मग वाकवायची.

माळावरचा
बुधवार, सकाळी ८:१५

दोन दिवस गायब होतो, चर खोदत होतो. वायर वेगळी केली, कपॅसिटर आणि रेझिस्टर टाकले. रीड सोडवून दहा वेळा मोटर चालू-बंद केली: बोर्डावर शून्य. निळी छत्री ताईंच्या सांगण्यावरून १५ सेकंदही ठेवले.

काल रात्री मोटर एकदाच चालली. डायल ८७.५ घनमीटर. बोर्ड ९०१.

म्हणजे २६ जास्त. काकांनी सांगितलेले नेमके तेवढेच. हसावं का रडावं.

बिनतारी
बुधवार, सकाळी ८:४०

मग ३० सेकंद करून बघा.

निळी छत्री
बुधवार, सकाळी ९:०२

नको! खऱ्या पल्सच २० सेकंदांनी येतात, ३० ठेवलेत तर अर्ध्या खऱ्या मारल्या जातील. माझा तर्क चुकला होता हे मान्य. बाउन्स असता तर १५ सेकंदांत मेलाच असता. ज्या जास्तीच्या पल्स येताहेत त्या एकमेकींपासून १५ सेकंदांहून लांब आहेत. म्हणजे त्या खऱ्या पल्ससारख्याच, सावकाश, शिस्तीत येताहेत. बोर्ड प्रत्येक पल्सची वेळ लिहून ठेवतो का?

सर्किट काका
बुधवार, सकाळी ९:४५

छत्रीताई बरोबर वाटेला लागल्या. पण वेळ लिहिणारा प्रोग्रॅम नंतर कर. माळावरचा, आज मोटर बंद झाली की घरी पळू नकोस. मीटरजवळ बस आणि लाल काट्याकडे बघत राहा. दहा मिनिटं. दुसरं काही करायचं नाही.

आणि सांग: मोटरच्या डोक्यावर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी झडप) आहे ना? शेवटचा कधी उघडला होता?

माळावरचा
बुधवार, रात्री १०:२०

आईशप्पथ काका!!

मोटर बंद केली आणि बॅटरी लावून बसलो. काटा थांबला. म्हटलं झालं, काका मजा करताहेत. आणि मग तो उलटा फिरायला लागला! सावकाश, पण थांबायचं नाव नाही. मोजलं, उलट्या १३ फेऱ्या, सात-आठ मिनिटं लागली. विहिरीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. डायलचे आकडे पण मागे गेले, १.३ घनमीटरने.

आणि बोर्डावर त्या १३ पल्स वाढल्या.

सर्किट काका
बुधवार, रात्री १०:४०

हां. आता बेरीज कर.

तुझी लाइन ७५ मि.मी. म्हणजे मीटरभर पाइपात चार लिटरच्या जरा आत पाणी. ४०० मीटरला साडेपंधराशेच्या आसपास. नॉन रिटर्नची झडप अडकली आहे, म्हणून मोटर बंद झाली की चढावरचं पाणी परत विहिरीत उतरतं. सपाटीवरचं थोडं पाइपात राहतं, बाकी १३०० लिटर खाली येतं. येताना मीटर उलटा फिरवतं. डायल प्रामाणिक आहे, तो वजा करतो. रीडला मात्र चुंबक डावीकडून आलं काय आणि उजवीकडून आलं काय, सारखंच. तो १३ पल्स देतो. पुढच्या वेळी मोटर सुरू झाली की तोच रिकामा पाइप भरायला पुन्हा १३. डायलवर वजा १.३ आणि अधिक १.३, फरक शून्य. बोर्डावर अधिक १३ आणि अधिक १३.

एका बंदला २६. वर स्टार्टरचे ३, झाले २९. दोनदा लाइट गेली त्या रात्री मोटर तीनदा थांबली: तीन गुणिले २९, ८७. पहिल्याच दिवशी तू दोन्ही आकडे लिहिले होतेस. मलाच रविवारी दिसायला हवं होतं.

निळी छत्री
बुधवार, रात्री १०:५२

२९ आणि ८७. तीन पट. डोळ्यासमोर होतं की हो. __/\__

चिकित्सक
गुरुवार, सकाळी ७:३०

मान गये काका. पण एक शंका. मोटर चालू असतानाच पल्स मोजायच्या असं प्रोग्रॅममध्ये घातलं तर? स्टार्टरवरून एक रिले घेतला की झालं.

सर्किट काका
गुरुवार, सकाळी ८:१०

निम्मंच होईल. उलट्या १३ गाळल्या जातील, पण पाइप भरणाऱ्या १३ मोजल्या जातीलच. प्रत्येक बंदला १३०० लिटर बागेच्या नावावर खोटे चढतील.

उलटसुलट खरंच मोजायचं असेल तर दोन रीड लागतात. काट्याच्या वाटेवर थोडे पुढे-मागे, असे की चुंबक काही अंतर दोघांनाही धरून ठेवेल. सरळ जाताना आधी पहिला बंद, मग दुसरा बंद, मग पहिला उघडा, मग दुसरा उघडा. उलट जाताना दुसरा आधी. कोण आधी आला त्यावरून प्रोग्रॅम अधिक करायचं का वजा ते ठरवतो. याचा एक फायदा असा की काटा नेमका काठावर थांबून डुलत राहिला आणि एकच रीड उघडझाप करत राहिला, तरी दुसरा हलल्याशिवाय फेरी धरली जात नाही.

पण इथे आधी झडप.

माळावरचा
गुरुवार, दुपारी १२:३५

झडप उघडली. आत पीव्हीसीचा तुकडा आडवा बसला होता. लाइन जोडताना करवतीने कापलेला, दोन वर्षांपूर्वीचा असणार. झडप अर्धीच बंद होत होती. रबरही गेलंय, म्हणून नवीन आणायला चाललोय.

तुकडा हातात घेतला आणि एक गोष्ट डोक्यात आली. खताचा व्हेंचुरी (लाइनच्या पाण्यात खत ओढून मिसळणारी नळी) विहिरीवरच आहे, मीटरच्या पुढे. मागच्या आठवड्यात १२:६१:०० हे खत सोडत होतो आणि मध्येच लाइट गेली होती. पाइपातलं सगळं खताचं पाणी विहिरीत आलं असणार. आमच्या वस्तीचं प्यायचं पाणी त्याच विहिरीचं आहे. रीड स्विच नसता तर मला हे कधी कळलं असतं?

ऱ्हाइनकाठची
गुरुवार, दुपारी १:१०

बाप रे. पाणी तपासून घ्या आधी, नत्र-नायट्रेट बघायला सांगा. तोवर प्यायला दुसरीकडचं आणा.

सर्किट काका
गुरुवार, दुपारी १:४०

ताईचं ऐक. आणि व्हेंचुरी विहिरीवरून हलव, बागेच्या कडेला फिल्टरजवळ ने, तिथेही त्याच्या मागे वेगळी नॉन रिटर्न टाक. एका झडपेच्या भरवशावर खत सोडायचं नाही.

अजून एक. पाणी खाली उतरतं तेव्हा वर पाइपात पोकळी होते आणि ड्रिपर बाहेरची हवा ओढतात, बरोबर माती. तुझे चढावरच्या ओळींतले ड्रिपर जास्त तुंबतात का?

माळावरचा
गुरुवार, दुपारी १:५२

तुंबतात!! दर महिन्याला ॲसिड सोडतोय त्यासाठी.

सर्किट काका
गुरुवार, दुपारी २:००

चढाच्या डोक्यावर एअर व्हॉल्व्ह बसव, म्हणजे हवा तिथून आत येईल, ड्रिपरमधून नाही. ॲसिड वाचेल.

माळावरचा
सोमवार, सकाळी ७:२५

शेवटचा अपडेट. नवीन नॉन रिटर्न बसवली, व्हेंचुरी वर नेला, एअर व्हॉल्व्ह आज बसेल. पाण्याचा नमुना दिलाय, रिपोर्ट यायचाय, तोवर वस्तीला गावातून टँकर चालू आहे. टँकर का लागला ते सगळ्यांना मीच सांगितलं, शिव्याही मीच खाल्ल्या.

काल रात्री तीनदा लाइट गेली. डायल ७६.२ घनमीटर. बोर्ड ७६२. वडिलांनी दोन्ही आकडे वहीत लिहिले, चष्मा लावून परत ताडून बघितले, आणि विचारलं, हे शेततळ्याच्या लाइनला पण बसतंय का?

काका, पत्ता व्यनि करा. बेदाणे पाठवतो.

दोनचाकी
सोमवार, सकाळी ७:३१

आरीवरच्या चुंबकाचं ज्ञान फुकट दिलं होतं आम्हीही, लक्षात असू द्या.